फ्रान्सिस फ्रिथचा इजिप्त: कोणता आकार घ्यावा आणि घेताना काय तपासावं

फ्रान्सिस फ्रिथने काढलेला पिरॅमिडचा किंवा फिलेच्या मंदिराचा जुना फोटो कोणी ‘अतिदुर्मीळ’ म्हणून समोर ठेवला, तर किंमत नंतर ऐका, आधी कागद बघा. फ्रिथ लिव्हरपूलमध्ये घाऊक किराण्याच्या धंद्यात पैसा कमावून मग कॅमेऱ्याकडे वळलेला माणूस. १८५६ ते १८६० या काळात तो तीनदा इजिप्त, त्याच्या दक्षिणेचा न्यूबिया, सिनाई आणि पॅलेस्टाइनच्या बाजूला गेला, ते विकण्याजोगा माल आणायला. ‘इजिप्त अँड पॅलेस्टाइन’ हे त्याचं मुख्य प्रकाशन १८५८ पासून हप्त्याहप्त्याने निघालं. एकूण २५ भाग, प्रत्येकात तीन फोटो, आणि पुढे बांधणी करून दोन खंड. एक जादा धरून एका संचात ७६ फोटो आणि आवृत्ती २००० प्रतींची. म्हणजे दीड लाखाच्या वर छाप, आणि प्रत्येक छाप माणसाने हाताने उन्हात छापून पुठ्ठ्यावर चिकटवलेला. इतका माल बाजारात उतरला असेल तर त्याची किंमत दुर्मीळपणावर ठरत नाही, अवस्थेवर ठरते. जुन्या फोटोंचे विक्रेते हे सहसा सांगत नाहीत.

फ्रिथचा माल तीन आकारांत मिळतो, कारण तो तीन कॅमेरे घेऊन हिंडत होता: १६×२० इंची काचेचा अवाढव्य कॅमेरा, ८×१० इंचाचा मधला, आणि दोन भिंगांचा स्टिरिओ, म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं शेजारी-शेजारी घेणारा. त्या काळी निगेटिव्ह मोठी करून छापायची सोय व्यवहारात नव्हती. काच कागदावर टेकवून उन्हात ठेवायची, त्यामुळे काचेएवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर मोठी काच उंटावर आणि नावेत लादावीच लागे. आजच्या खरेदीदाराला याचा फायदा असा, की प्रत्येक छापात काचेवरचा तपशील जसाच्या तसा उतरलेला असतो. दहापट भिंग लावून कर्नाकच्या मंदिराच्या खांबावरची चित्रलिपी पाहिली की अक्षर अन् अक्षर सुटं दिसतं. फ्रिथच्या आधी काही वर्षं माक्सीम द्यू काँ या फ्रेंच लेखकाने कागदी निगेटिव्हवर हेच इजिप्त टिपलं होतं. त्याचे छाप देखणे आहेत, पण भिंगाखाली कागदाचा तंतूच आधी दिसतो आणि कोरीव काम धूसर होतं.

खरेदीआधी दोन प्रकारचे दोष वेगळे ओळखता आले पाहिजेत: काचेचे आणि कागदाचे. काचेवरचा दोष त्या निगेटिव्हच्या प्रत्येक छापात येतो, त्यामुळे त्याने किंमत कमी व्हायचं कारण नाही. कागदाचा दोष मात्र फक्त तुमच्या हातातल्या प्रतीचा. बरेच जण नेमकं उलटं करतात. आभाळातला एक काळा ठिपका पाहून फोटो नाकारतात, आणि कडेने पिवळा पडत चाललेला दुसरा आनंदाने घेतात.

काचेचे दोष कुठून आले हे ती पद्धत कळली की आपोआप कळतं. ओलं कोलोडियन म्हणजे बंदुकीचा कापूस ईथर आणि अल्कोहोलात विरघळवून त्यात आयोडाइड घातलेलं पातळ, चिकट द्रावण. स्वच्छ घासलेली काच एका हातावर आडवी धरायची, मधोमध द्रावण ओतायचं, काच कलती करत चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचं आणि उरलेलं एका कोपऱ्यातून बाटलीत परत ओतायचं. थर लपलपीत असतानाच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या हौदात तीन-चार मिनिटं बुडवायचं, मग ओली काच तशीच कॅमेऱ्यात. फोटो घेऊन परत अंधारात, हिराकसाच्या द्रावणाने प्रतिमा उठवायची, धुवायची, पक्की करायची आणि वर वार्निश. हे सगळं थर वाळायच्या आत, म्हणजे थंड हवेतही जेमतेम दहा मिनिटांत. ईथर उकळतं ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास. नाईलच्या दुसऱ्या धबधब्यापाशी फ्रिथच्या तंबूत पारा ११० फॅरनहाइटवर, म्हणजे ४३ सेल्सिअसवर होता, आणि काचेवर ओतताच कोलोडियन उकळत होतं, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. उन्हातल्या तंबूपेक्षा थंड म्हणून त्याने खडकात कोरलेली थडगीही अंधारखोली म्हणून वापरली. बाकी वेळी शिडाच्या कापडाने मढवलेली वेताची गाडी. त्या झाकलेल्या गाडीत साहेबाचा जनानखाना असावा असा वाटेवरच्या लोकांचा समज झाला, असंही त्याने लिहिलं आहे.

आता छाप हातात घ्या. एका कोपऱ्याकडून निघालेले वळ किंवा लाटा दिसल्या तर तिथून जादा कोलोडियन ओतून काढलं असणार. उष्णतेने थर घट्ट होत गेला की असे वळ उठतात. कडेपासून आत शिरलेले शिंपल्यासारखे डाग म्हणजे थर वाळू लागल्यावर एकाच जागी साठलेलं सिल्व्हर नायट्रेट. आभाळातले बारीक काळे ठिपके म्हणजे निगेटिव्हवरची भोकं: वाळूचा कण बसला, निघाला आणि जाताना थर घेऊन गेला. कण तिथेच राहिला असेल तर ठिपका पांढरा. उठलेली साल, कोपऱ्यातला ओरखडा, अंगठ्याची खूण, हे सगळं काचेचं. असे दोष चालतात. एवढंच नव्हे, तर संग्रहालयाने जालावर ठेवलेल्या त्याच दृश्याच्या प्रतीशी ते ठिपके जुळवून तुमचा छाप त्याच निगेटिव्हचा आहे का हेही ठरवता येतं. ही जुळवणी टाळू नका, कारण एकाच शीर्षकाखाली वेगवेगळ्या निगेटिव्ह वापरलेल्या प्रती सापडतात. एकीत उंट उभा, दुसरीत बसलेला, असा फरक निघाला तर ती बनावट आहे असं लगेच धरू नका.

आभाळ कोरं पांढरं असणं हाही दोष नव्हे. कोलोडियनला निळा प्रकाश फार लवकर कळतो आणि हिरवा-तांबडा जवळपास कळतच नाही. म्हणून आभाळ भडक उजळ येतं, खजुराची झाडं काळपट होतात आणि सावल्या एकदम गडद. याच कारणाने फ्रिथच्या फोटोत ढग शोधू नयेत. आणि सापडले तर ते नंतर कोणी घातले, हे आधी विचारावं.

कागदाचे दोष निराळे. अंड्याच्या पांढऱ्या बलकात मीठ घालून तो थर पातळ कागदावर द्यायचा, छपाईआधी सिल्व्हर नायट्रेटवर तरंगवायचा, उन्हात काचेखाली छापायचा, सोन्याच्या क्षाराने रंग पक्का करायचा आणि हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, धुवायचा, असा हा अल्ब्युमेन छाप. नंतर पाण्याने हायपो नीट धुतला गेला नसेल तर आतला गंधक चांदीला धरतो आणि चित्र फिकं पडत जातं. हे सुरू होतं उजळ भागांपासून. त्यामुळे सगळ्यात आधी जातं ते उन्हातलं कोरीव काम. मंदिराच्या उजेडातल्या भिंतीवर नक्षी दिसते का, की तिथे नुसता पिवळसर सपाटपणा उरला आहे? हा एकच प्रश्न विचारा. नक्षी असेल तर बाकी थोडाफार पिवळेपणा माफ. नसेल तर चौकट कितीही सुरेख असो, घेऊ नका. चांगल्या छापाचा रंग जांभळट तपकिरी असतो. फिकटाकडे गेलेला चहाच्या डागासारखा दिसतो. तांबूस ठिपके बहुधा पुठ्ठ्याच्या आम्लामुळे किंवा बुरशीमुळे आलेले असतात आणि ते वाढत जातात. कागद गुंडाळून ठेवला असेल तर वरच्या थरात बारीक भेगा पडतात. दिव्याखाली तिरपं धरलं की त्या कळतात.

अस्सल की पुनर्मुद्रण, हे दहापट भिंगाखाली मिनिटभरात कळतं. अल्ब्युमेनमध्ये ठिपक्यांची जाळी नसते. पातळ चकाकत्या थराखाली कागदाचे तंतू दिसतात आणि करडेपणा सलग उतरत जातो. एकसारख्या ओळींतले ठिपके दिसले तर छापखान्यातला हाफटोन. किड्याच्या वाटेसारखी वळणदार बारीक रेघ दिसली तर कोलोटाइप, तीही शाईचीच छपाई. रंगीत शिंतोडे दिसले तर कालपरवाचा इंकजेट. आणि हो, ‘फ्रिथ १८५७’ अशी सही पाहून भुलू नका. ती निगेटिव्हवर खरवडलेली असते, म्हणून छापात काळी उठते. ‘स्वाक्षरी असलेला छाप’ म्हणून विकला जाणारा बहुतेक माल हाच. साल निगेटिव्हचं आहे, छापाचं नव्हे. तीच काच पुढे अनेक वर्षं छपाईला लावली गेली.

आता आकारांचं बोलू. मधला आकार सर्वांत व्यवहारी. काच ८×१० ची, पण कडा कापून छाप साधारण ६×९ इंच उरतो. पुस्तकाचं पान हातात धरून बघण्याच्या अंतरावर तपशील आणि मांडणी दोन्ही एका नजरेत येतात. विषयाची निवडही इथेच सगळ्यात मोठी. पुढे १८६२ च्या सुमारास चार खंडांची आवृत्ती निघाली, प्रत्येकात ३७ फोटो, आणि त्यांत न्यूबियाच्या वरच्या भागातली दृश्यं जास्त आहेत. सुटा छाप घेतलात तर खाली छापील शीर्षक असलेला मूळ पुठ्ठा सोबत आहे का ते बघा. पुठ्ठ्यापासून सोलून काढलेला छाप सुरळी होऊ पाहतो आणि त्याचा ठावठिकाणाही हरवतो. पहिला घ्यायचा झाला तर रॅमेसियम या मंदिरातला कोसळलेला पुतळा किंवा फिलेचा ‘फेरोचा पलंग’, म्हणजे रोमन सम्राट ट्रेजनचा मंडप, यांपैकी एक बघावा. फिलेची मंदिरं आस्वानच्या मोठ्या धरणामुळे १९७० च्या दशकात शेजारच्या अगिल्किया बेटावर हलवली गेली. फ्रिथच्या फोटोत मंडप आपल्या मूळ बेटावर आहे आणि तो किनारा आता पाण्याखाली. अबू सिंबेलही १९६४ ते १९६८ मध्ये कापून वर उचललं. फ्रिथच्या वेळी तिथले पुतळे वाळूत बरेच गाडलेले होते. गिझाचा स्फिंक्सही छातीपर्यंत वाळूत दिसतो. या छापांना आज पुराव्याची किंमत आहे ती यामुळे.

मोठा आकार, साधारण १५×१९ इंचाचा छाप, हे फ्रिथचं सर्वोत्तम काम यात वाद नाही. ‘इजिप्त, सिनाई अँड जेरुसलेम’ या संचात असे वीस होते. मजकूर सोफिया पूल आणि रेजिनाल्ड स्टुअर्ट पूल यांचा. दहशूरच्या पिरॅमिडांचा फोटो पाहिला तर इतकी मोठी काच त्या उकाड्यात हातावर तोलून एकसारखी ओतली कशी, हाच प्रश्न पडतो. पण विकत घ्यायला हा आकार आमच्या मते सामान्य संग्राहकाने टाळावा. तो मुख्यतः लिलावातच येतो. शिवाय एवढा पातळ कागद एवढ्या मोठ्या पुठ्ठ्यावर सपाट ठेवायला स्वतंत्र सपाट खण लागतो, आणि भिंतीवर लावला तर उजेडाने जातो. संग्रहालयं असे छाप मंद उजेडात, ५० लक्सच्या आसपास, आणि तेही थोडे महिनेच मांडतात. दिवाणखान्यात ते पाळणं कठीण.

स्टिरिओ हा तिघांत स्वस्त आणि आमच्या मते सर्वांत अन्याय झालेला आकार. लंडनच्या नेग्रेटी अँड झांब्रा या कंपनीने फ्रिथचे शंभर स्टिरिओ विक्रीला काढले होते. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर दोन सारखी, बोटभर लहान चित्रं. दोन भिंगांच्या दर्शकात घातलं की कर्नाकचे खांब एकामागे एक सरकत खोल जातात आणि पुढचा दगड नाकासमोर येतो. मोठ्या काचेने जे साधलं नाही ते इथे साधलं आहे. मोठ्या छापात खांबांची गर्दी एकमेकांवर चिकटते. स्टिरिओत ती सुटी होते. खांबांच्या मंडपाचं माप डोळ्यांना कळावं अशी इच्छा असेल तर स्टिरिओच घ्या.

पण इथे एक हमखास फसगत आहे. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यातून आलेल्या निगेटिव्हचा छाप तसाच चिकटवला तर डावं चित्र उजवीकडे जातं. म्हणून छाप मधोमध कापून बाजू बदलून चिकटवावे लागतात. कारखान्यात ही अदलाबदल राहून गेली, किंवा नंतर कोणी निघालेली जोडी परत डकवताना चुकला, तर दर्शकात खांब आत दबलेले आणि मागचं आभाळ पुढे आलेलं दिसतं. दर्शक जवळ नसेल तर असं तपासा: एकदम जवळची वस्तू, समजा पुढचा दगड, आणि मागची भिंत पाहा. बरोबर लावलेल्या जोडीत डाव्या चित्रात तो दगड मागच्या भिंतीच्या मानाने थोडा उजवीकडे असतो. डावीकडे दिसला तर जोडी उलटी आहे. कार्डाचं माप साधारण साडेतीन बाय सात इंच. आजचे घडीचे दर्शक त्याला चालतात. लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीचा आउल हलका आणि भिंगं स्वच्छ, तेवढ्यावर भागतं. लाकडी जुना दर्शक शोभेचा, पण त्याची भिंगं अनेकदा धुरकटलेली असतात. दोन्ही चित्रांचा फिकेपणा सारखा आहे ना तेही पाहा. एक फिकं आणि एक गडद असेल तर डोळा सतत गडदाकडे ओढला जातो आणि खोलपणाचा भास मोडतो.

बाजारात ‘फ्रिथ’ नावाखाली इतरांचं कामही पुष्कळ फिरतं. बैरूतच्या बोन्फिस आणि सुएझ कालव्याजवळच्या झांगाकी या स्टुडिओंचे इजिप्तचे फोटो नंतरचे, पण बाजारात त्यांची सरमिसळ असते. त्यांच्याकडे फ्रान्सच्या वळणाने खाली निगेटिव्हवरच पांढऱ्या अक्षरांत क्रमांक आणि शीर्षक असतं. दुसरा घोळ भारतातल्यांसाठी महत्त्वाचा. फ्रिथने इंग्लंडमधल्या रायगेटला काढलेली कंपनी पुढे जगभरच्या दृश्यांचा माल विकू लागली, त्यात भारताचीही. कोपऱ्यात ‘फ्रिथ्स सिरीज’ असा ठसा असलेला मुंबईचा किंवा आग्र्याचा फोटो दिसला तर तो कंपनीच्या यादीतला, फ्रिथच्या डोळ्यांनी पाहिलेला नव्हे. फ्रिथ भारतात कधीच आला नव्हता. तशा छापाला फ्रिथच्या इजिप्तचा भाव देऊ नका. आपल्याकडचं त्याच धाटणीचं काम हवं असेल तर १८६४ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेले मेजर रॉबर्ट गिलचे अजिंठा-वेरूळचे ७४ फोटो शोधा. तेही पुस्तकात चिकटवलेले अल्ब्युमेनच आणि वर सांगितलेली प्रत्येक तपासणी त्यांना लागू.

जतन हा मुंबई-कोकण-गोव्यात राहणाऱ्यांचा खरा प्रश्न. अल्ब्युमेनला सापेक्ष आर्द्रता साधारण ३० ते ५० टक्क्यांत हवी. पावसाळ्यात आपल्याकडे ती ८० च्या वर चार महिने असते. एवढ्या ओलाव्यात अल्ब्युमेनचा थर आणि कागद वेगवेगळ्या गतीने फुगतात, कोरड्यात आक्रसतात, आणि दर फेऱ्यात भेगा वाढतात. वर बुरशी आणि कसर. म्हणून: पॅट चाचणी (पाकिटाने फोटोला अपाय होत नाही ना हे पाहणारी) उत्तीर्ण झालेल्या आम्लमुक्त पाकिटात छाप, पाकीट सपाट पेटीत, पेटी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि दोनशे-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक. पुड्यांचा रंग बदलला की तापवून परत टाका. पेटी भिंतीला टेकवू नका, बाहेरच्या भिंतीला तर मुळीच नाही. पारदर्शक चिकटपट्टी, पीव्हीसीची पाकिटं आणि चिकट पानांचे अल्बम, तिन्ही वर्ज्य. डाग दिसला तर ओलं फडकं फिरवू नका. अल्ब्युमेनचा थर त्याने उठतो.

एवढी उस्तवार नको असेल, तर खुशाल फुकटचा मार्ग धरा. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, लॉस एंजेलिसचं गेटी आणि अॅम्स्टरडॅमचं राइक्स या तिन्ही संग्रहालयांत फ्रिथचे छाप आहेत, आणि हक्कमुक्त म्हणून खूण केलेल्या प्रतिमा कोणत्याही कामाला वापरता येतात. उतरवून घेण्याआधी दृश्याच्या पानावर तशी खूण आहे ना ते बघा. छापताना मूळ मापाबाहेर जाऊ नका. ६×९ इंची फोटोला इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशोबाने १८००×२७०० पुरतात. १५×१९ च्या मोठ्याला ४५००×५७०० हवेत, आणि प्रत्येक फाइल तेवढी मोठी नसते, म्हणून आधी मोजा. लहान फाइल ताणून मोठी केली की फ्रिथची धार गेली. स्टुडिओवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा: रंगीत फाइल रंगीतच छापायची, आणि मशीनची आपोआप सुधारणा बंद ठेवायची. नाहीतर तो तपकिरी रंग ‘दुरुस्त’ होऊन राखाडी होतो आणि पांढरं आभाळ करडं पडतं. कागद बराइटा घ्या, अल्ब्युमेनच्या सौम्य चकाकीला तोच जवळचा. चकचकीत फोटोपेपर नको, खरखरीत कापसाचाही नको. स्टिरिओची फाइल छापायची असेल तर दोन्ही चित्रं मिळून सात इंच रुंदी ठेवा आणि जाड पुठ्ठ्यावर डकवा, म्हणजे त्याच दर्शकात चालते.

आणि भारतातल्या विक्रेत्याकडून अस्सल छाप घेऊन परदेशातल्या लेकीला किंवा भावाला पाठवायचा विचार असेल, तर आधी चौकशी करा. शंभर वर्षांवरील कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याचे निर्बंध आहेत, आणि पुरातत्त्व खात्याकडून ती वस्तू त्यात बसत नाही असा दाखला घेतल्याशिवाय पार्सल कस्टममध्ये अडकू शकतं.